बी.एड.च्या मैत्रिणींकडून जे शिकतो ते निरीक्षण वहीत का उतरत नाही?

मलप्रभाकाठ | मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी बी.एड. दुसऱ्या वर्षाला आहे आणि सध्या इंटर्नशिप चालू आहे. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत आम्ही चौघीजणी आहोत, रोज बेळगावहून लाल बसनं जातो-येतो. एकीचा पाठ असला की बाकीच्या तिघींनी मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायचं, वहीत रकाने ठरलेले आहेत: प्रस्तावना, प्रश्न, स्पष्टीकरण, फळालेखन, वर्गनियंत्रण आणि खाली शेरा. माझ्या वहीत आत्तापर्यंत चाळीसेक पाठ झालेत आणि जवळजवळ प्रत्येक शेरा एकच आहे, "पाठ चांगला झाला. फळालेखन सुवाच्य. आवाज थोडा वाढवावा." मीही तेच लिहिते, माझ्या पाठावरही तेच येतं.

आणि खरं शिकणं होतं ते बसमध्ये. गेल्या आठवड्यात मला दुसरीचा वर्ग दिला होता, दोन अंकी संख्या. मी "पंचवीस" म्हटलं आणि निम्म्या पोरांनी ५२ लिहिलं. मी परत सांगितलं, मोठ्यानं सांगितलं, फळ्यावर दहा वेळा लिहून दाखवलं, तरी छत्तीसला ६३ च. रडकुंडीला आले होते. येताना बसमध्ये मैत्रीण म्हणाली, "अगं पोरं चुकीचं ऐकत नाहीत, अगदी बरोबर ऐकतात. तू फळ्याकडं तोंड करून लिहीत होतीस तेव्हा मी त्यांच्या पाट्या बघत होते. तू 'पंच' म्हणालीस की पाच काढून मोकळे, मग 'वीस' ऐकून त्याच्या पुढं दोन." म्हणजे आपली मराठी एकक आधी बोलते आणि आकडा लिहिताना दशक आधी येतं! मी गणिताची पदवीधर, बावीस वर्षं मराठी बोलतेय, माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं तोच पाठ घेतला. पाटीवर दोन घरं आखायला लावली, "पंच" ऐकलं की उजव्या घरात पाच, "वीस" ऐकलं की डाव्या घरात दोन. अर्ध्या तासात बहुतेकांना जमलं. पण तिच्या त्या बसमधल्या दोन वाक्यांची नोंद कुठंच नाही. माझ्या पाठाच्या निरीक्षणात तिनंही "आवाज वाढवावा" असंच लिहिलंय, कारण त्या वहीवर मार्क आहेत आणि मैत्रिणीच्या चुका लिहून तिचे मार्क कोण कापेल.

तर विचारायचं हे की तुम्ही शिकत असताना एकमेकांकडून कसं शिकलात? ते लिहून ठेवायची काही रीत होती का? आणि एक भीतीपण आहे, आम्ही चौघी नवख्याच, एकमेकींना चुकीचं तर शिकवत नाही ना?

---

खडू_डस्टर | रात्री ९:२४

"आवाज थोडा वाढवावा" हा शेरा माझ्या वहीतपण आहे ताई. निपाणीपासून लोंढ्यापर्यंत सगळ्या छात्राध्यापकांचा आवाज कमीच दिसतोय. 😄

---

निपाणीकर_बाई | रात्री ९:४०

धागा छान. मी बारा वर्षं प्राथमिकला आहे. तुझ्या मैत्रिणीनं जे पकडलं ना, ते पकडायला मला नोकरीतली चार वर्षं लागली होती, आणि तेही शेजारच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलं म्हणून. एकोणतीसला तर आणखी मजा, पोरांना शेवटी "तीस" ऐकू येतं म्हणून ३९ लिहितात. एकोणसाठ, एकोणसत्तर तर विचारूच नका. तो पाठ घेशील तेव्हा आधीच तयारीत राहा.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना. टीव्हीवर चर्चा, चेष्टा, भाषा बुडाली म्हणून ओरड. मी इकडं कर्नाटकात, आमचं पुस्तक वेगळं, पण मला तेव्हाच वाटलं होतं की ओरडणाऱ्यातल्या किती जणांनी दुसरीच्या वर्गात बसून पाट्या बघितल्यात?

---

अक्कोरू | रात्री १०:०५

माझी घरची भाषा कन्नड, चिक्कोडीकडची. मराठी मैत्रिणींमुळं आली, चुकलं तर सांगा.

आमच्या गावात एकाच कंपाउंडात कन्नड शाळा आणि मराठी शाळा, मधे एक हातपंप. इंटर्नशिपला मी कन्नड शाळेत आणि माझी मैत्रीण मराठी शाळेत. एकदा आमच्या सरांची मीटिंग होती म्हणून मी दुपारी तिच्या वर्गात जाऊन बसले आणि हाच प्रकार बघितला, २५ चं ५२. मला कळेना असं का होतं, कारण माझ्या वर्गात ही चूक कोणीच करत नव्हतं. कन्नडमधे पंचवीस म्हणजे इप्पत्तैदु, इप्पत्तु म्हणजे वीस आणि ऐदु म्हणजे पाच, जसं बोलतो तसंच लिहितो. एकोणतीस पण इप्पत्तोंबत्तु, वीस आणि नऊ. मग मी तिला म्हटलं तुझ्या वर्गात कन्नड येणारी पोरं आहेत ना, त्यांना इप्पत्तैदु म्हणून बघ. तिनं म्हटलं आणि त्यातल्या तिघांनी लगेच २५ लिहिलं! तीच पोरं, तीच पाटी.

हे आम्हाला कुठल्या लेक्चरमधे मिळालं नाही. दोघींच्या वर्गात दोघी बसलो म्हणून मिळालं.

---

मलप्रभाकाठ | रात्री १०:१२

अक्कोरू ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याही वर्गात चार-पाच पोरं घरी कन्नड बोलणारी आहेत. उद्याच करून बघते. तुमचं मराठी एकदम मस्त आहे.

---

सीमेवरचा_गुरुजी | रात्री १०:३८

मी निवृत्त आहे. आमच्या वेळी टीसीएच (प्राथमिक शिक्षकांचा प्रमाणपत्र कोर्स) होतं, त्यानंतर तीस वर्षांहून जास्त सेवा सगळी मराठी शाळांत झाली. पोरींनो, तुमचा उत्साह बघून बरं वाटलं, पण एक स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

नवख्यानं नवख्याकडून शिकायचं म्हणजे आंधळ्याच्या खांद्यावर आंधळा. ही पंचवीसची गोष्ट बरोबर निघाली म्हणून ठीक आहे. पण तुझ्या मैत्रिणीनं जो उपाय केला, उजवं घर आधी भरायचा, तो मला पटलेला नाही. आकडा डावीकडून उजवीकडं लिहायची सवय लागायची ती आजच बिघडवली तर पुढं तीन अंकी संख्येला काय करणार? "एकशे पंचवीस" म्हटलं की पोर आधी डावीकडं एक लिहिणार, मग एकदम उजवीकडं उडी मारून पाच, मग मधे दोन? त्यापेक्षा काड्यांचे गठ्ठे हातात द्यावेत. दहाचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवल्या की पोर कानावर विसंबत नाही, डोळ्यानं बघतं. हे सांगायला वर्गात अनुभवी माणूस लागतो. तो नसला की चौघी मिळून एकच चूक चौघींच्या वर्गात नेणार.

---

गणितवेडी | रात्री १०:५५

गुरुजी, गठ्ठ्यांचं शंभर टक्के बरोबर. पण "आंधळ्याच्या खांद्यावर" हे मला नाही पटलं. अनुभवी माणूस वर्गात होता ना, वर्गाचे मूळ शिक्षक. त्यांनी सांगितलं का? माझ्या इंटर्नशिपला मूळ शिक्षक आम्हाला वर्ग देऊन ऑफिसातली माहिती भरायला जायचे, त्यांचीही चूक नाही, सतरा कामं मागं लागलेली असतात. उरतं कोण, तर मागच्या बाकावरची मैत्रीण.

आणि जिला कालच तो पाठ अवघड गेला तिला नेमकं माहीत असतं की पाय कुठं घसरतो. तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ती जागा दिसतच नाही. उलट नाही बोलत गुरुजी, मनापासून वाटतं ते लिहिलं.

---

येळ्ळूरचा_पोरगा | रात्री ११:२०

सूक्ष्म अध्यापनाबद्दल, म्हणजे सोबत्यांनाच विद्यार्थी समजून छोटासा पाठ घ्यायच्या सरावाबद्दल, कोणी बोललंच नाही अजून. ती पद्धत स्टॅनफर्डमध्ये १९६३ च्या सुमाराला सुरू झाली आणि आपल्याकडं तिचं चक्र छत्तीस मिनिटांचं करतात: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रतिसाद, बारा मिनिटं परत टाचण (पाठाची आखणी), सहा मिनिटं परत पाठ, सहा मिनिटं परत प्रतिसाद. छत्तीसपैकी बारा मिनिटं दुरुस्तीला आणि बारा मिनिटं सोबत्यांच्या बोलण्याला. कागदावर बघाल तर सगळा डोलारा एकमेकांकडून शिकण्यावरच उभा आहे. प्रत्यक्षात आमच्याकडं काय व्हायचं तर पहिली सहा मिनिटं झाली की टाळ्या, पुढचा या, कारण एका दिवसात पंधरा जणांचं उरकायचं.

दुसरी अडचण म्हणजे समोर विद्यार्थी म्हणून बसणार आम्हीच. सगळे पदवीधर. "झाडाला पाणी कुठून मिळतं?" विचारलं की वीस हात वर आणि वीस उत्तरं बरोबर. असल्या वर्गात कोणाला काय शिकायला मिळणार.

मग आम्ही पाच-सहा जणांनी एक केलं, संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची आणि त्या चिठ्ठीत त्यानं कुठली चूक करायची ते लिहिलेलं. "तू २५ ला ५२ लिही." "तुला प्रश्न कळला नाही पण तू हो म्हण." "तू शेजाऱ्याचं बघून लिही." शिकवणाऱ्याला चिठ्ठ्या माहीत नसायच्या. पहिल्यांदा माझा नंबर होता आणि माझी पार दांडी गुल, "कळलं का?" विचारलं आणि सगळे हो म्हणाले, मी पुढं गेलो. नंतर चिठ्ठ्या वाचल्या तर तिघांना काहीच कळलेलं नव्हतं. त्या दिवसापासून वर्गात "कळलं का?" विचारायचं बंद केलं, आता म्हणतो "करून दाखव."

---

खडू_डस्टर | रात्री ११:२६

चिठ्ठ्यांची आयडिया ढापतोय उद्याच. 🙏

---

निपाणीकर_बाई | रात्री ११:३१

"कळलं का" बंद केलं हे वाक्य प्रिंट काढून स्टाफरूममध्ये लावायला पाहिजे!

---

जांबोटी_घाट | बुधवार, सकाळी ६:५०

बसमधून टाइप करतोय, नेटवर्क आहे तोवर. आमची शाळा कणकुंबीच्या बाजूला. जुलैमध्ये तिकडं पाऊस असा असतो की पत्र्याच्या वर्गात आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माझ्या पहिल्या पाठाला मी वीस मिनिटं ओरडलो आणि दुसऱ्या दिवशी घसा बसला. माझ्या जोडीदारानं मात्र, तो त्याच भागातला, पावसाची सर आली की खडू खाली ठेवला आणि पोरांना फक्त हातानं खुणा केल्या, पाटी काढा, चित्र काढा, शेजाऱ्याला दाखवा. पोरंपण सरावलेली. सर ओसरली की परत बोलायला सुरुवात. त्याला विचारलं हे कुठं शिकलास, तर म्हणाला आमचे गुरुजी असंच करायचे.

आणि रोपलावणीच्या दिवसांत हजेरी अर्धी. मी चिडलो होतो, नवीन पाठ घेऊ कसा म्हणून. तोच म्हणाला आज नवीन घेऊ नकोस, आलेल्यांकडून मागचं पक्कं करून घे, आणि परवा हीच पोरं न आलेल्यांना सांगतील असं बघ. टाचणाच्या नमुन्यात पावसाला आणि लावणीला रकाना नाही.

---

अक्कोरू | सकाळी ८:१५

@जांबोटी_घाट आमच्या अथणी-चिक्कोडीकडं हेच ऊसतोडीला होतं, फक्त महिने वेगळे. तुमच्याकडं पावसात बाकं रिकामी, आमच्याकडं दिवाळीनंतर.

---

चिक्कोडी_फास्ट | सकाळी ९:०२

थोडं वेगळं मत मांडतो. सगळं छान छान चाललंय पण सोबत्यांच्या बोलण्यानं माणूस मोडतोपण. माझ्या वर्षी आमच्या कॉलेजात "मोकळेपणानं प्रतिसाद द्या" असं सांगितलं होतं. एका मुलीचा पाठ झाल्यावर एकेकानं उठून तिच्या उच्चारांवर बोलायला सुरुवात केली. ती खेड्यातली, बोलण्यात आपल्या बाजूचा हेल. पाठ विज्ञानाचा आणि तिनं दाखवलेला प्रयोग झकास झाला होता, पण त्यावर एक शब्द नाही. ती पुढं महिनाभर पाठाला उभी राहायला घाबरायची. मीपण त्या दिवशी गप्प बसलो, त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून मला वाटतं ते "पाठ चांगला झाला" लिहिणारे लोक नुसते आळशी नसतात. ते एकमेकांना सांभाळून घेत असतात.

---

मलप्रभाकाठ | सकाळी ९:३०

@चिक्कोडी_फास्ट हे फार खरं आहे. आमच्या चौघींतली एकजण अशीच आहे, कोणी काही बोललं की आठवडाभर गप्प. ती कोणाच्याच पाठावर काही बोलत नाही, नुसती बघत असते. म्हणून तर प्रश्न पडलाय, खरं बोलायचं आणि माणूसपण जपायचं, हे जमवायचं कसं.

---

गणितवेडी | दुपारी १:१५

यावर जपानमधे एक जुनी रीत आहे, जुग्यो केन्क्यू म्हणतात, म्हणजे पाठाचा अभ्यास. आपल्या बी.एड.च्या पुस्तकात कधीमधी एक परिच्छेद असतो त्यावर. तिथले शिक्षक तीन-चार जण मिळून एकच टाचण करतात, मग एकजण तो पाठ घेतो आणि बाकीचे बघतात. पण बघतात ते मुलांकडं. पाठ सगळ्यांनी मिळून बनवलेला असतो म्हणून चुकला तर "तुझं चुकलं" असं होतच नाही, "आपलं टाचण इथं अडकलं" असं होतं. मग टाचण बदलून दुसरा कोणीतरी दुसऱ्या वर्गावर घेतो.

मलप्रभाकाठ, तुझ्या मैत्रिणीनं बसमध्ये नेमकं हेच केलं बघ. ती तुझ्याबद्दल काहीच बोलली नाही, पाट्यांबद्दल बोलली. म्हणून तुला लागलं नाही आणि कळलंही.

---

सीमेवरचा_गुरुजी | दुपारी ४:२०

सकाळपासून वाचतोय. गणितवेडी बाई, तुमचं कालचं उत्तर वाचून जरा विचार केला. नोकरीतलं पहिलं वर्ष आठवलं. मला फळालेखन जमत नव्हतं, ओळ वर चढायची. आमचे हेडमास्तर रोज ओरडायचे पण सुधारलं ते माझ्याबरोबरच नव्यानं लागलेल्या एका शिक्षकामुळं. तो म्हणाला, "तू एका जागी उभा राहून हात लांबवतोस म्हणून ओळ चढते. लिहिता लिहिता पाय सरकव." एवढंच. तोही नवखाच होता. तेव्हा आंधळ्याच्या खांद्यावर आंधळा हे माझं बोलणं मी मागं घेतो.

पण गठ्ठ्यांचं मागं घेत नाही!

आता काही उपयोगाचं सांगतो. निरीक्षणाला मागच्या बाकावर बसू नका, तिथून फक्त पाठमोरी डोकी आणि शिकवणारीचं तोंड दिसतं, म्हणून सगळे शेरे शिकवणारीवर येतात. पुढं फळ्याच्या बाजूला, खिडकीशी बसा, म्हणजे पोरांचे चेहरे आणि हात दिसतील. तिघी असाल तर पोरं वाटून घ्या, एकीनं चार-पाच पोरंच बघायची. आणि लिहायचं काय, तर पोरानं काय केलं आणि काय म्हटलं, बस. चांगलं-वाईट, सुंदर-सुवाच्य हे शब्दच वापरायचे नाहीत. मार्काची वही तशीच राहू दे, तिच्याशी भांडू नका. वेगळी शंभर पानी वही करा चौघींत मिळून एक.

---

येळ्ळूरचा_पोरगा | दुपारी ४:४४

गुरुजी 🙏🙏 पाय सरकवायचं आज करून बघितलं, माझीपण ओळ चढायची!

---

निपाणीकर_बाई | संध्याकाळी ६:१०

अवांतर होईल पण लिहितेच. पोरांनी पोरांकडून शिकायचं हे आपल्या मातीत जुनंच आहे. पंतोजींच्या शाळेत मोठी पोरं लहान पोरांचा हात धरून धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायची. अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेल म्हणून एक स्कॉटिश पाद्री होता, त्यानं तिकडच्या गावठी शाळेत पोरं वाळूत बोटानं लिहिताना बघितली आणि तीच रीत आपल्या शाळेत आणली, पोरांनाच शिकवायला बसवलं. पुढं ती पद्धत "मद्रास पद्धत" म्हणून इंग्लंडात गेली.

आणि आत्ताचं बघा, आपल्या कर्नाटकात नलि-कलि आहे, लहान वर्गांना कार्डांवरून आनंदानं शिकवायची पद्धत. १९९५ ला म्हैसूर जिल्ह्यात एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालं, तिथले शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेतलं काम बघून आले आणि त्यांनी आपल्या भागाला जुळेल असं करून घेतलं. त्यात पोरांचे गट असतात, काही शिक्षकांच्या मदतीनं शिकणारे, काही सोबत्यांच्या मदतीनं, काही आपलं आपण. पहिलीच्या पोरांनी सोबत्याकडून शिकायचं हे आपण मान्य केलं, मग बी.एड.च्या पोरापोरींना काय हरकत आहे?

---

चिक्कोडी_फास्ट | संध्याकाळी ६:३२

बाई, तिथं एक फरक आहे. नलि-कलित सोबत्यांचे गट असतात पण वर्गात शिक्षक फिरत असतो, कार्ड ठरलेली असतात, शिकायच्या पायऱ्यांची शिडी असते, तिच्यावर पोर कुठं आहे ते दिसतं. नुसतं "एकमेकांकडून शिका" म्हणून सोडून दिलेलं नाही. बी.एड.ला २०१४ च्या नियमांनी दोन वर्षांत वीस आठवडे शाळेत घातले, चार पहिल्या वर्षी आणि सोळा दुसऱ्या. एवढा वेळ दिला खरा, पण त्या सोळा आठवड्यांत कॉलेजचे सर शाळेत किती दिवस येतात ते ज्याचं त्याला माहीत. गुरुजींची कालची काळजी मला रास्त वाटते. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी जाणतं माणूस ती शंभर पानी वही वाचायला पाहिजे.

---

सीमेवरचा_गुरुजी | संध्याकाळी ७:०५

मी वाचतो. माझ्याकडं वेळच वेळ आहे. वहीचे फोटो पाठव पोरी, पोरांची नावं झाकून.

---

अक्कोरू | रात्री ८:४०

माझं एक राहिलं होतं. मैत्रिणीनं मला काय शिकवलं ते. मी कन्नड माध्यमातली, पण पुढं मराठी शाळेत कन्नड शिकवायला जाणार, म्हणून मराठी पोरांशी बोलता आलं पाहिजे. मी "शाळा सुटला", "पुस्तक पडली" असं बोलायची. कन्नडमधे वस्तूंना तो-ती नसतं, सगळ्या वस्तू ते. ती म्हणाली हसणारी पोरं हसू दे, तू त्यांनाच विचार. मग मी वर्गात म्हटलं, मला मराठी येत नाही, तुम्ही मला शिकवा, मी तुम्हाला कन्नड शिकवते. अहो पोरं एवढी खूश झाली! एक मुलगा रोज मधल्या सुट्टीत येऊन मला दहा वस्तू दाखवायचा, तो खडू, ती खिडकी, ते दार. आणि मी चुकले की ओरडायचा, "टीचर, परत म्हणा!" त्यानंतर माझ्या कन्नडच्या तासाला बोलायला कोणी लाजलं नाही.

---

जांबोटी_घाट | रात्री ९:१५

ती खिडकी, ते दार, हे का असं ते मला मराठी असून सांगता येणार नाही. पोरगं भारी आहे.

---

मलप्रभाकाठ | साडेतीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८:३०

मंडळी, परत आले. मधे पाठांची इतकी गडबड होती की लॉग-इनच झालं नाही.

शंभर पानी वही केली. आता बत्तीस पानं भरलीत. खिडकीशी बसतो, पोरं वाटून घेतो. पहिले दोन दिवस अवघड गेलं, हात आपोआप "फळालेखन सुवाच्य" लिहायला जायचा, मग खोडायचं. तिसऱ्या दिवशीपासून जमलं. गुरुजींनी चार वेळा फोटो वाचून उत्तरं पाठवली, एकदा तर रात्री साडेअकराला. 🙏 दोन घरांच्या उपायाचं सांगायचं तर एकशे पंचवीसला पोरं अडकलीच, गुरुजी म्हणाले होते अगदी तसंच. आता काजूच्या बियांचे दहा-दहाचे पुडके करून घेतो, खानापुरात बियांना तोटा नाही. इप्पत्तैदु पण करून बघितलं. घरी कन्नड बोलणाऱ्या पाचांपैकी चौघांना लगेच आलं, पाचव्याला कन्नड आकडे वीसपर्यंतच येत होते.

मार्काची वही तशीच आहे. कॉलेजच्या सरांना आमची वही दाखवली, त्यांनी दोन पानं वाचली, म्हणाले चांगलं आहे पण यावर मार्क कसे देऊ. आम्ही म्हटलं देऊ नका सर.

भांडणं पण झाली. एकदा मी लिहिलं, "तीन मुलं पाठभर दप्तराचा बंद चावत होती," आणि जिचा पाठ होता ती दोन दिवस बोलली नाही. चिक्कोडी_फास्ट दादा, तुमची आठवण आली. मग ठरवलं की जिचा पाठ ती स्वतः आधी लिहील, बाकीच्या नंतर. तेव्हापासून बरं चाललंय.

आणि ती गप्प बसणारी मैत्रीण. तिला बोलायला लागत नाही, नुसतं लिहायला लागतं, तर तिची पानं सगळ्यात भरलेली. माझ्या परवाच्या पाठावर तिनं लिहिलंय, "उजव्या कोपऱ्यातली मुलगी प्रत्येक प्रश्नाला ओठ हलवते. सहापैकी पाच उत्तरं बरोबर होती. हात एकदाही वर केला नाही. तिला एकदाही विचारलं गेलं नाही." मी सोळा दिवस त्या वर्गावर जातेय आणि ती मुलगी मला माहीतच नव्हती म्हणजे बघा.

---

गणितवेडी | रात्री ८:४१

ओठ हलवते हे मागच्या बाकावरून कधीच दिसलं नसतं.

---

खडू_डस्टर | रात्री ८:४४

चिठ्ठ्यांमध्ये ही एक घालतो, "तुला उत्तर येतं पण हात वर करू नकोस."

---

सीमेवरचा_गुरुजी | रात्री ९:०२

मग? दुसऱ्या दिवशी विचारलंस का तिला?

---

मलप्रभाकाठ | रात्री ९:१०

विचारलं गुरुजी. दिलं तिनं उत्तर. इतक्या हळू, की मला तिच्या बाकापर्यंत जाऊन वाकावं लागलं.